समुद्रातली केबल तुटली, तरी व्हिडिओ कसा चालू राहतो?

६ सप्टेंबर २०२५ ला लाल समुद्रात, जेद्दाहजवळ, समुद्राखालून जाणाऱ्या इंटरनेट केबल तुटल्या. मायक्रोसॉफ्टने आपल्या ‘अझ्युर’ सेवेच्या ग्राहकांना कळवलं, की पश्चिम आशियातून जाणारी डेटाची वाहतूक काही काळ रेंगाळेल. अशी बातमी आली, की मला ओळखीची माणसं एक प्रश्न हमखास विचारतात. परदेशातली ऑफिसची साइट उघडायला मिनिटभर लागतंय, कॉलवर समोरच्याचा आवाज तुटतोय, पण त्याच वायफायवर घरातलं दुसरं कुणीतरी परदेशी कंपनीचा सिनेमा न अडखळता बघतंय. केबल तुटली असेल, तर सिनेमा येतो कुठून?

बहुतेक वेळा तो समुद्रापलीकडून येतच नसतो. तुम्हाला इंटरनेट देणाऱ्या कंपनीच्याच एखाद्या खोलीत, लोखंडी कपाटात, आडव्या खणासारखी एक पेटी बसवलेली असते. सिनेमाची प्रत त्या पेटीत आधीच येऊन पडलेली असते. तुम्ही ‘प्ले’ दाबलं, की तो तिथून निघतो आणि काही किलोमीटरवर तुमच्या घरी पोचतो.

मी बरीच वर्षं नेटवर्क सांभाळण्याच्या कामात आहे. इंटरनेटची रोजची घडी ज्या गोष्टींवर टिकून आहे त्यात या पेट्या फार वरच्या आहेत, आणि त्यांच्याबद्दल सर्वसामान्य वाचकाला फार कमी सांगितलं जातं, असं मला मनापासून वाटतं. म्हणून हा लेख.

अंतर कापायला वेळ लागतो

इंटरनेटला अंतर नसतं असा आपला समज असतो. असतं. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे मोकळ्या अवकाशातल्या वेगाच्या दोन तृतीयांश. १२,००० किलोमीटरवरच्या यंत्राशी बोलायचं, तर जायला ६० मिलिसेकंद आणि यायला ६०, एकूण १२०. कितीही पैसे मोजा, यापेक्षा लवकर उत्तर येणार नाही. प्रत्यक्षात वेळ याहून जास्तच लागतो, कारण केबल सरळ रेषेत नसते आणि वाटेत थांबे असतात.

बरं, एका फेरीत काम भागत नाही. पहिल्या फेरीत नुसती ओळख होते: ‘आहेस का?’ ‘आहे.’ दुसऱ्या फेरीत कुलूप-किल्ली ठरते, म्हणजे मधल्या कुणाला संभाषण वाचता येऊ नये याची सोय. तिसऱ्या फेरीत खरी मागणी जाते आणि वस्तूचा पहिला तुकडा येतो. झाले ३६० मिलिसेकंद. तेच यंत्र जवळ असेल आणि फेरी ५ मिलिसेकंदांची असेल, तर हा सगळा उपचार १५ मिलिसेकंदांत उरकतो.

अंतराचा फटका वेगालाही बसतो, आणि हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. पाठवणारं यंत्र सगळं एकदम ओतत नाही. थोडं पाठवतं, पोच येईपर्यंत थांबतं, मग पुढचं पाठवतं. समजा एका वेळचा गठ्ठा ६४ किलोबाइटचा आहे (एक बाइट म्हणजे ८ बिट). फेरी १२० मिलिसेकंदांची असेल तर सेकंदाला ४ मेगाबिटच्या थोडंसंच वर जाता येतं, मग तुमची जोडणी १०० मेगाबिटची का असेना. फेरी ५ मिलिसेकंदांवर आणा, तोच गठ्ठा १०० मेगाबिटच्या पुढे नेतो. आजची यंत्रं याहून खूप मोठे गठ्ठे पाठवतात हे खरं. पण वाटेत एखादा तुकडा हरवला, की तीही हात आखडता घेतात, आणि लांबच्या वाटेवर पुन्हा वेग धरायला त्यांना जास्त वेळ लागतो.

मग प्रतच जवळ आणून ठेवायची

वाचनालयाचं उदाहरण घ्या. परीक्षेच्या दिवसांत एकच पाठ्यपुस्तक शंभर विद्यार्थी मागतात. प्रत्येकासाठी ते दूरच्या मुख्य भांडारातून मागवायचं आणि परत पाठवायचं, असं कुठलाही शहाणा ग्रंथपाल करणार नाही. तो शाखेतच वीस प्रती आणून ठेवेल. इंटरनेटवर तर त्याहून सोपं आहे, कारण इथे एकच प्रत शंभर जण एकाच वेळी वाचू शकतात.

वारंवार लागणारी वस्तू हाताशी ठेवण्याच्या अशा जागेला तंत्रज्ञ ‘कॅशे’ म्हणतात. (रोख रकमेच्या ‘कॅश’शी त्याचा संबंध नाही. मूळ फ्रेंच शब्दात लपवून ठेवण्याचा अर्थ आहे.) आणि जगभर अशी हजारो कॅशे पसरून, कुणाला कुठून द्यायचं हे ठरवणारी जी व्यवस्था असते, ती सीडीएन. हे दोन शब्द लक्षात ठेवा, पुढे लागतील.

या कल्पनेला तीस वर्षं होऊन गेली. वेब ज्यांनी घडवलं त्या टिम बर्नर्स-ली यांना १९९५ मध्येच दिसत होतं, की लोकप्रिय साइटवर गर्दी झाली की ती गुदमरते. त्यांनी अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेतल्या आपल्या सहकाऱ्यांपुढे हा प्रश्न ठेवला. तिथले गणिताचे प्राध्यापक टॉम लेटन आणि त्यांचा विद्यार्थी डॅनियल लेविन यांनी तो उचलला.

त्यांच्यापुढची एक अडचण समजून घेण्यासारखी आहे. दहा यंत्रांवर लाखो फायली वाटायच्या, आणि कुठली फाइल कुठे आहे हे यादी न चाळता कळलं पाहिजे. सोपा उपाय म्हणजे वर्गात बाक वाटावेत तसं करायचं: हजेरी क्रमांकाला बाकांच्या संख्येने भागायचं, बाकी जी उरेल तो तुमचा बाक. छान चालतं, पण एक बाक मोडला की भागाकार बदलतो आणि जवळजवळ सगळ्या वर्गाला उठून जागा बदलावी लागते. फायलींच्या बाबतीत याचा अर्थ असा, की एक यंत्र बिघडलं तर सगळ्यांची साठवण वाया जाते. १९९७ मध्ये लेटन, लेविन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशी रीत मांडली, की मोडलेल्या बाकावरची मुलंच तेवढी उठतात आणि बाकीचा वर्ग जागचा हलत नाही. १९९८ मध्ये यातून ‘अकामाई’ ही कंपनी उभी राहिली. लेविन ११ सप्टेंबर २००१ ला अपहरण झालेल्या पहिल्या विमानात मारले गेले. त्याच दिवशी जगभरातले लोक बातम्यांच्या साइटांवर लोटले होते. ज्या गर्दीसाठी त्यांनी हे गणित सोडवलं, तशीच ती गर्दी होती. ही गोष्ट आठवली की मला आजही कसंसंच होतं.

पेटी थेट प्रोव्हायडरच्या घरात

सुरुवातीला कॅशे मोठ्या डेटा सेंटरमध्ये असायचे. मग व्हिडिओ आला आणि हिशेबच बदलला.

आकडे मांडून बघू. रात्री नऊ वाजता एका प्रोव्हायडरची १०,००० घरं तोच नवा सिनेमा बघतायत, प्रत्येकी ५ मेगाबिट वेगाने. झाले ५०,००० मेगाबिट, म्हणजे ५० गिगाबिट दर सेकंदाला. दीड तासाच्या सिनेमाचा एका घराचा डेटा साधारण ३.४ गिगाबाइट होतो, दहा हजार घरांचा ३४,००० गिगाबाइट. हे सगळं बाहेरून आणायचं तर त्यासाठी लागणारी वाहिनी, म्हणजे बाहेरच्या इंटरनेटशी जोडणारी लाइन, प्रोव्हायडरला विकत घ्यावी लागते. आता पेटीचा हिशेब. त्या सिनेमाच्या लहान पडद्यासाठी, मोठ्या पडद्यासाठी, मंद जोडणीसाठी अशा वेगवेगळ्या आवृत्त्या धरून समजा १५ गिगाबाइट झाले. तेवढे एकदाच बाहेरून आणायचे. १०० मेगाबिटच्या साध्या जोडणीवरूनही ते वीस मिनिटांत येतील.

म्हणून नेटफ्लिक्सने २०१२ मध्ये ‘ओपन कनेक्ट’ नावाने आपल्या पेट्या प्रोव्हायडरना द्यायला सुरुवात केली. गूगलची ‘गूगल ग्लोबल कॅशे’ आहे, मेटाच्या आणि अकामाईच्याही पेट्या आहेत. व्यवहार साधारण असा असतो: पेटी कंपनीची, ती देते फुकट आणि सांभाळतेही दुरूनच. जागा, वीज, गारवा आणि राउटरला जोडायची वायर प्रोव्हायडरची. पेटीतल्या आज्ञावलीला प्रोव्हायडर हात लावत नाही. बिघाड झाला तर सांगितलेली डिस्क बदलायची, एवढंच त्याच्याकडे.

पेटी भरली जाते रात्री उशिरा. इमारतीवरच्या पाण्याच्या टाकीसारखं आहे हे: सगळे झोपलेले असताना भरून ठेवायची, सकाळी सगळ्यांनी एकदम नळ सोडले तरी अडचण येत नाही. फरक एवढाच, की टाकीतलं पाणी वापरलं की संपतं आणि पेटीतला सिनेमा दहा हजारांनी बघितला तरी आहे तेवढाच राहतो.

रात्रीच का, याला पैशाचं कारणही आहे. प्रोव्हायडर बाहेरची वाहिनी घेतो तेव्हा बिल बऱ्याचदा असं ठरतं: दर पाच मिनिटांनी वापर मोजायचा, महिनाअखेरीस सगळ्यात मोठे ५ टक्के आकडे सोडून द्यायचे आणि उरलेल्यांत जो सगळ्यात मोठा त्यावर पैसे घ्यायचे. तीस दिवसांत ७२० तास, त्यातले ३६ तास सोडले, म्हणजे दिवसाला सरासरी ७२ मिनिटं माफ. पण संध्याकाळची गर्दी रोज तीन-चार तास असते, त्यामुळे बिल तीच ठरवते. पहाटे तीनला त्याच वाहिनीतून कितीही ओढलं, तरी संध्याकाळच्या आकड्याच्या वर जाईपर्यंत एक पैसा वाढत नाही.

पेटीत जगातलं सगळं मावत नाही, आणि मावायची गरजही नसते. लोक काय बघतात हे फार एकाजागी गोळा झालेलं असतं: थोडेसेच व्हिडिओ बहुतेकांकडून बघितले जातात आणि बाकीचे लाखो व्हिडिओ एखाददुसऱ्याकडून. उद्या काय खपेल याचा अंदाज बांधून पेटी भरायची, मागणी घटलेलं काढून टाकायचं. जे सापडत नाही तेवढ्यासाठी बाहेर जायचं.

पेटीला तुमचं घर कसं सापडतं?

मला विचाराल तर या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात सुंदर आणि सगळ्यात घात करणारा भाग हाच. पेटी जवळ असून भागत नाही. तुम्हाला तिच्याकडे कुणीतरी पाठवावं लागतं.

इंटरनेटवर प्रत्येक जोडणीला आयपी पत्ता असतो आणि प्रोव्हायडरकडे अशा पत्त्यांचे गट असतात. कुठला गट कुणाकडे आहे हे राउटर एकमेकांना ज्या पद्धतीने सांगत राहतात, तिला बीजीपी म्हणतात. प्रोव्हायडरचा राउटर पेटीलाही हेच सांगतो: ‘या या गटांतली घरं माझी, त्यांना तू दे.’ पेटी ती यादी आपल्या कंपनीच्या मुख्य यंत्रणेला कळवते. तुम्ही ‘प्ले’ दाबता तेव्हा तुमचं ॲप आधी त्या मुख्य यंत्रणेकडे जातं. ती तुमचा पत्ता बघते, यादी बघते आणि सांगते, ‘हा व्हिडिओ अमुक पेटीतून घे, ती नसेल तर तमुक.’

आता एक अनुभव सांगतो. मी एका प्रोव्हायडरकडे काम करत असताना एका नव्या वस्तीतून तक्रारी येऊ लागल्या. संध्याकाळी व्हिडिओ गोल गोल फिरतो, चित्र धूसर होतं. आमचा माणूस जाऊन आला. स्पीड टेस्टमध्ये पूर्ण १०० मेगाबिट. ग्राहकाला सांगितलं गेलं, तुमच्या टीव्हीत दोष असेल. दुसऱ्या दिवशी तीच तक्रार, तिसऱ्या दिवशी आणखी चार घरं.

चौथ्या रात्री मी त्या वस्तीतल्या एका घराची वाहतूक कुठून येतेय हे बघत बसलो. व्हिडिओ येत होता दुसऱ्या देशातून. आमची पेटी ज्या कपाटात होती, त्याच कपाटातून त्या वस्तीची फायबर बाहेर पडत होती. मधे एक हातभर अंतर. काखेत कळसा आणि गावाला वळसा, अगदी शब्दशः. कारण सापडायला मग दहा मिनिटंही लागली नाहीत. वस्ती नवी म्हणून तिला पत्त्यांचा नवा गट दिलेला होता आणि पेटीला सांगायच्या यादीत तो घालायचा राहून गेला होता. ते काम माझं होतं. एक ओळ लिहिली. थोड्या वेळाने आलेखावर बाहेरच्या वाहिनीची रेघ खाली यायला लागली आणि पेटीची रेघ तेवढीच वर चढली. टीव्हीला दोष दिलेल्या त्या ग्राहकाला मी दुसऱ्या दिवशी स्वतः फोन केला.

आणि स्पीड टेस्ट पूर्ण का दाखवत होती? कारण टेस्टचं यंत्रही आमच्याच नेटवर्कमध्ये होतं. टेस्टने घर ते आमची खोली एवढाच रस्ता मोजला, आणि तो ठणठणीत होता. व्हिडिओचा रस्ता वेगळा होता.

काही सीडीएन पत्त्यांच्या यादीऐवजी डीएनएसच्या आधारे वाट दाखवतात. डीएनएस म्हणजे साइटच्या नावावरून आयपी पत्ता सांगणारी सेवा. तुमचं यंत्र डीएनएसला विचारतं, डीएनएस सीडीएनला विचारतो आणि सीडीएन विचारणाऱ्याच्या जवळची पेटी सांगतो. इथे एक गोम आहे. विचारणारा असतो डीएनएस, तुम्ही नव्हे. तुम्ही प्रोव्हायडरचा डीएनएस सोडून एखादा सार्वजनिक डीएनएस लावला असेल, तर सीडीएनला तो दिसतो, तुमचं घर दिसत नाही, आणि तुम्हाला लांबची पेटी मिळू शकते. यावर २०१६ मध्ये एक पद्धत लिहिली गेली: डीएनएसने प्रश्नासोबत ग्राहकाच्या पत्त्याचा सुरुवातीचा भाग जोडायचा. गूगलचा सार्वजनिक डीएनएस तो जोडतो. क्लाउडफ्लेअरचा जोडत नाही, कारण त्यांच्या मते त्यातून ग्राहकाची माहिती उगीच पसरते. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे.

म्हणजे मी काय बघतो ते प्रोव्हायडरला दिसतं?

पेटी त्याच्या खोलीत आहे म्हटल्यावर ही शंका येणारच. एकेकाळी ती खरीही होती. १९९० च्या दशकात प्रोव्हायडर स्वतःचेच कॅशे चालवत. तुमची मागणी वाटेत अडवून बघायचे, प्रत असेल तर तीच द्यायचे. तेव्हा बहुतेक वेब उघड्या पोस्टकार्डासारखं होतं, त्यामुळे हे जमत होतं.

आता जवळजवळ सगळं कुलूपबंद असतं. पत्त्यापुढे ‘एचटीटीपीएस’ दिसतं ते हेच. कुलूप तुमच्या ॲपचं आणि पेटीचं. किल्ली पेटी चालवणाऱ्या कंपनीकडे, प्रोव्हायडरकडे नाही. पेटी त्याच्या कपाटात असली तरी बाहेर पडणारा डेटा त्याच्यासाठी अगम्य असतो. कुठल्या कंपनीच्या पेटीशी तुम्ही बोललात, किती वेळ, किती डेटा, हे मात्र त्याला कळतं. ते पेटी नसती तरी कळलंच असतं.

धोका उलट्या दिशेने आहे आणि त्याबद्दल कंपन्या फार काळजी घेतात. दुसऱ्याच्या इमारतीत आपली किल्ली ठेवायची, आणि उद्या कुणी पेटीच उचलून नेली तर? म्हणून अशा पेट्यांना शक्य तेवढ्या मर्यादित आणि लवकर बाद करता येण्यासारख्या किल्ल्या देतात. तुमचं खातं, पासवर्ड, पैसे भरण्याचा तपशील यांचं काम पेटीकडे नसतं, ते मुख्य यंत्रणेकडे होतं. नेटफ्लिक्सच्या पेटीत व्हिडिओच्या फायली असतात. तुम्ही कोण, हे ठरवणारी यंत्रणा वेगळ्या ठिकाणी आहे.

प्रत शिळी निघाली तर? आणि थेट सामन्याचं काय?

शिळेपणाचा प्रश्न व्हिडिओला फारसा नाही, कारण सिनेमा रोज बदलत नाही. बातमीच्या पानाला आहे. तिथे प्रत्येक वस्तूवर मुदत लिहिलेली असते, ती संपली की कॅशे मूळ ठिकाणी विचारून येतो. दुसरा उपाय म्हणजे वस्तू बदलली की तिचं नावच बदलायचं. जुन्या नावाची प्रत पडून राहिली तरी ती कुणी मागत नाही.

थेट प्रक्षेपण रात्री भरून ठेवता येत नाही हे उघड आहे. तरी पेटीचा उपयोग होतो, आणि भरपूर होतो. थेट व्हिडिओ काही सेकंदांच्या तुकड्यांत येतो. नवा तुकडा तयार झाला, की हजारो टीव्ही तो एकदम मागतात. पेटी त्यातल्या पहिल्या मागणीसाठी बाहेर जाते, बाकीच्यांना क्षणभर थांबवून ठेवते आणि तुकडा आला की सगळ्यांना वाटते. बाहेरून एकदा आणलं, आत हजारदा दिलं. थेट सामना मैदानापेक्षा थोडा मागे का चालतो आणि शेजारच्या घरात आरडाओरडा आधी का होतो, त्याचं एक कारण हे तुकडे भरणं, आणणं, वाटणं आहे.

हा मोठ्यांचा राखीव रस्ता नाही का?

हा आक्षेप मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. नेट न्यूट्रॅलिटी म्हणजे प्रोव्हायडरने सगळ्यांच्या डेटाला सारखं वागवायचं. मग एका कंपनीची पेटी आत आणि दुसरीची बाहेर, यात सारखेपणा कुठे राहिला?

तांत्रिक उत्तर असं, की पेटीमुळे कुणाच्या डेटाला पुढे ढकललं जात नाही आणि कुणाला मागे थांबवलं जात नाही. फक्त एकाचं अंतर कमी होतं. उलट व्हिडिओची गर्दी बाहेरच्या वाहिनीवरून उतरली, की ती बाकीच्यांसाठी मोकळी होते. भारतात ट्राय या दूरसंचार नियामकाने नोव्हेंबर २०१७ च्या शिफारशींत सीडीएनला नेट न्यूट्रॅलिटीच्या कक्षेबाहेर ठेवलं, ते याच धर्तीवर.

मला हे उत्तर पटतं, पण अर्धंच. स्वतःची पेटी ठेवणं परवडतं ते मूठभर कंपन्यांना. नवी, छोटी व्हिडिओ सेवा काढणाऱ्याला ते शक्य नाही. त्याने एखाद्या सीडीएनकडून भाड्याने जागा घ्यावी, आणि बहुतेक जण तेच करतात. पण भाड्याने घेणारा आणि घरचा, यांत फरक राहतोच.

तसाच फरक प्रोव्हायडरांमध्ये पडतो. पेटी फुकट असली तरी ती ठेवायला कंपनी किमान वाहतूक मागते. छोट्या गावाला जोडणी देणारा छोटा प्रोव्हायडर त्यात बसत नाही, मग त्याच्या ग्राहकाचा व्हिडिओ लांबून येतो आणि बाहेरच्या वाहिनीचा खर्चही त्यालाच जास्त पडतो. ज्याला पेटीची जास्त गरज, त्यालाच ती मिळत नाही. यावरचा चांगला मार्ग म्हणजे इंटरनेट एक्स्चेंज: जिथे अनेक प्रोव्हायडर एका छताखाली एकमेकांना जोडले जातात ती जागा. पेटी तिथे ठेवली, की दहा छोटे मिळून ती वापरू शकतात. मला वाटतं, सार्वजनिक पैसा घालायचाच असेल तर तो अशा एक्स्चेंजमध्ये घालावा.

आणि पैसे कुणी कुणाला द्यायचे यावरही भांडणं झाली आहेत. अमेरिकेत फेब्रुवारी २०१४ मध्ये नेटफ्लिक्सने कॉमकास्ट या प्रोव्हायडरला थेट जोडणीसाठी पैसे द्यायचं कबूल केलं. दक्षिण कोरियात एसके ब्रॉडबँड या प्रोव्हायडरने नेटफ्लिक्सकडे नेटवर्क वापरल्याचं शुल्क मागितलं. ‘आम्ही काही देणं लागत नाही’ असं न्यायालयाकडून म्हणवून घ्यायला नेटफ्लिक्स गेली, आणि जून २०२१ मध्ये सोलच्या न्यायालयाने ती मागणी फेटाळली. सप्टेंबर २०२३ मध्ये दोघांनी तडजोड केली. प्रोव्हायडर म्हणतो, तुमच्या व्हिडिओमुळे माझ्या नेटवर्कवर भार पडतो. कंपनी म्हणते, व्हिडिओ मागतो तुझाच ग्राहक, त्याचे पैसे तू घेतोस, वर मी पेटी फुकट देतेय. मला कंपनीची बाजू जास्त पटते, कारण भार ग्राहकाच्या मागणीतून येतो आणि त्या मागणीसाठी तो प्रोव्हायडरला दरमहा पैसे भरत असतो.

पेटी बंद पडली तर?

एक पेटी बंद पडली तर ॲप यादीतल्या दुसऱ्या ठिकाणाकडे वळतं, बघणाऱ्याला कळतही नाही. अडचण पुढची आहे. ज्या पेटीने वाहिनीवरचा ५० गिगाबिटचा भार उचलला होता, ती संध्याकाळी बंद पडली तर तो भार अचानक त्या वाहिनीवर येतो. पेटी आल्यावर वाहिनी कमी करून पैसे वाचवलेले असतील, तर त्या रात्री व्हिडिओच काय, सगळंच गुदमरतं. म्हणून एकाच्या जागी दोन पेट्या, दोन वेगळ्या इमारतींत, आणि बाहेरची वाहिनी थोडी सैल ठेवायची. हा खर्च टाळण्याचा मोह फार मोठा असतो.

पेट्या हजारो असल्या, तरी त्यांना आज्ञा देणारी यंत्रणा एकच असते, हेही विसरून चालत नाही. ८ जून २०२१ ला फास्टली या सीडीएनच्या एका ग्राहकाने आपली एक मांडणी बदलली. बदल पूर्ण वैध होता, पण त्यामुळे मेच्या मध्यापासून दडून बसलेली एक चूक जागी झाली आणि फास्टलीचं ८५ टक्के नेटवर्क साइटऐवजी ‘एरर’चे संदेश द्यायला लागलं. जगभरातल्या बातम्यांच्या आणि सरकारी साइटा एकदम पडल्या. ४९ मिनिटांत ९५ टक्के नेटवर्क सावरलं. त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला फेसबुकच्या डीएनएसकडे जाणाऱ्या वाटाच इंटरनेटवरून नाहीशा झाल्या आणि सुमारे सहा तास सेवा बंद राहिली. नावाचा पत्ताच सांगणारं कुणी नसेल, तर प्रत हाताच्या अंतरावर असूनही उपयोग नसतो.

तुमच्या घरी हे बघायचं कसं?

नेटफ्लिक्सची ‘फास्ट डॉट कॉम’ ही टेस्ट नेटफ्लिक्सच्याच यंत्रांवरून डेटा ओढते. तिच्यात जास्त माहितीच्या बटणावर गेलात, की डेटा कुठल्या शहरातून आला तेही दिसतं. ती एकदा चालवा आणि लगेच दुसरी एखादी स्पीड टेस्ट चालवा. दोन्ही दुपारी करा, दोन्ही रात्री नऊला करा. फेरीचा वेळही बघा: १ मिलिसेकंदात प्रकाश तंतूतून २०० किलोमीटर जातो, त्यामुळे जाऊन-येऊन ८ मिलिसेकंद लागले असतील तर समोरचं यंत्र ८०० किलोमीटरच्या पलीकडे असूच शकत नाही. १५० मिलिसेकंद दिसले, तर ते बहुधा फार लांब आहे.

एक टेस्ट उत्तम आणि दुसरी रडतेय, असं रोज संध्याकाळी दिसलं तर तक्रार करताना ‘नेट स्लो आहे’ एवढंच लिहू नका. वेळ लिहा, तुमचा आयपी पत्ता लिहा, कुठली सेवा अडखळते ते लिहा, दोन्ही टेस्टचे आकडे आणि दिसलेलं शहर लिहा. ‘आमच्या पत्त्यांचा गट कॅशेच्या यादीत आहे का, बघाल का?’ असंही विचारा. ती यादी उघडून बघायला पलीकडच्या माणसाला दहा मिनिटं लागतात.